तिसरी चौकट

जर्मनीत नोकरीला येणाऱ्यांची कागदपत्रं लावून देणं हे माझं काम. घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. हे दर आठवड्याला कुणाला तरी सांगते.

व्हिसा संपत आला आणि रहिवास परवान्याचं कार्ड हातात नसलं, की मधल्या काळापुरतं ‘फिक्टिओन्सबेशायनिगुंग’ मिळतं. हिरवट, घडीचा कागद. आत तीन चौकटी आणि एकीत फुली. फुली तिसऱ्या चौकटीत असेल तर जुना व्हिसा चालू धरतात, बाहेर जाऊन परत येता येतं. पहिलीत असेल तर राहा खुशाल, पण एकदा देश सोडलात की त्या कागदावर परत येता येत नाही. नोकरीच्या व्हिसावर येऊन मुदतीत अर्ज केलेल्याला तिसरीच मिळायला हवी. रहिवास कायद्याचं कलम 81, उपकलम 4. झोपेत विचारलं तरी सांगेन.

म्हणूनच ते डाचतं.

एका मुलाची कागदपत्रं मी लावत होते. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. “ताई, आई आयसीयूत आहे. उद्याचं तिकीट काढतोय. कागद आहे ना, चालेल ना?” मी म्हटलं, आधी फोटो पाठव. फुली पहिल्या चौकटीत. कारकुनाची चूक, उघड उघड. पण त्या कागदाची प्रत तीन आठवडे माझ्याच फाइलमध्ये होती. मी फक्त मुदतीची तारीख बघितली होती.

कार्यालय बंद. मेलला नेहमीचं आपोआप जाणारं उत्तर. (इथे कायदा सगळ्यांना पाठ असतो, फोन मात्र कुणी उचलत नाही.) मी त्याला म्हटलं, “सोमवारपर्यंत थांब.” गेला असता तर नवा व्हिसा काढावा लागला असता, त्यात किती महिने गेले असते कोण जाणे.

सोमवारी सातला आम्ही दारात उभे होतो. आतल्या बाईंनी पान उलटलं, “आख सो” (अच्छा, असं होय) म्हणाल्या आणि दहा मिनिटांत नवा कागद दिला. दहा मिनिटं! आई रविवारी रात्रीच गेली होती.

माझा सहकारी म्हणतो, तू नियमाप्रमाणे बरोबरच सांगितलंस. त्याला सगळं नियमाप्रमाणेच दिसतं. मी त्या मुलाला दोन्ही वाटा सांगून ठरवू द्यायला हवं होतं का? मी “थांब” म्हटलं आणि तो थांबला.

पुढे त्याचं कार्ड आलं तेव्हा मी सोबत गेले होते. पोच म्हणून सही करायच्या आधी त्याने नाव, जन्मतारीख, मुदत, मागची बारीक अक्षरं, सगळं बोट ठेवून वाचलं. मागे रांग खोळंबली होती. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.