मधेच दोन सेकंद काळं

तक्रार एका ओळीची होती: "हॉलमधला प्रोजेक्टर खराब झालाय, मधेच बंद पडतो, बदलून द्या." काहीतरी मधेच बंद पडत होतं एवढं त्यात खरं होतं. बाकीचं खरं नव्हतं, पण हे कळायला मला एक अख्खा दिवस त्या हॉलच्या मागच्या रांगेत काढावा लागला.

मीटिंग हॉल आणि ट्रेनिंग रूममधली यंत्रं सांभाळणं हे माझं काम. प्रोजेक्टर, माइक, पडदे आणि त्यांना जोडणाऱ्या केबलींचं जंजाळ. पूर्ण बंद पडलेल्या यंत्राची मला भीती वाटत नाही, कारण आपण पोचतो तेव्हाही ते बंदच असतं. मधेच दगा देणारं यंत्र मात्र आपण शिडी घेऊन आलो की शहाण्यासारखं चालायला लागतं. या हॉलमध्येही आधी एकदा जाऊन मी बराच वेळ एकटी पडद्याकडे बघत बसले होते. चित्र एकदाही हललं नव्हतं. म्हणून विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, तुमची दिवसभराची मीटिंग असेल त्या दिवशी मला मागे बसू द्या. बोलणार नाही, फक्त बघेन."

सकाळ नेहमीच्या गोष्टींत गेली. पहिल्या वक्त्या मॅडमच्या लॅपटॉपला एचडीएमआयचं भोकच नव्हतं, नुसते दोन यूएसबी-सी पोर्ट. कन्व्हर्टर लावला तर पडद्यावर काहीच येईना. त्या म्हणाल्या, "अहो, घरी याच कन्व्हर्टरवर टीव्ही चालतो." मी कन्व्हर्टर काढून दुसऱ्या पोर्टात घातला आणि चित्र आलं. यूएसबी-सीचं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं, पण त्यातून चित्र जाईलच याची खात्री नसते. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. चित्र पाठवणाऱ्या पोर्टाशेजारी बऱ्याचदा डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं बारीक चिन्ह असतं. तेही प्रत्येक कंपनी छापतेच असं नाही. दुसऱ्या वक्त्यांच्या वेळी लोकांना पडद्यावर त्यांच्या टिपणांसकट प्रेझेंटर व्ह्यू दिसत होता आणि त्यांना स्वतःला नुसती स्लाइड. विंडोज आणि पी ही दोन बटणं दाबून डुप्लिकेट, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, केलं की प्रश्न मिटतो. तिसऱ्यांच्या व्हिडिओचा आवाज येत नव्हता, कारण एचडीएमआय जोडल्याबरोबर लॅपटॉपने आवाजही प्रोजेक्टरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरकडे वळवला होता. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून हॉलचा स्पीकर निवडला. ही कामं मी झोपेतही करेन.

मग पडदा गेला. दोन सेकंद काळं, आणि चित्र परत जसंच्या तसं. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. कोणीतरी सवयीने म्हणालं, "एकदा बंद करून चालू करा ना."

बंद करून चालू करणं हा उपाय मला मनापासून आवडत नाही. त्याने कधी कधी काम होतं, पण काय बिघडलं होतं ते कायमचं पुसलं जातं. शिवाय इथे प्रोजेक्टर बंद पडलाच नव्हता, हे त्या दोन सेकंदांतच ठरलं होतं. हा दिव्याचा प्रोजेक्टर. त्यातला उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा विझला तर तो थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि पेटल्यावरही पूर्ण उजेडाला यायला वेळ लागतो. दोन सेकंदांत लख्ख चित्र परत आलं, म्हणजे दिवा पेटलेलाच होता.

तरी खात्रीसाठी एक गोष्ट केली, जी तुम्हीही करू शकता. सिग्नल नसताना पडद्याचा रंग कोणता असावा, अशी एक सेटिंग प्रोजेक्टरच्या मेन्यूत असते: काळा, निळा किंवा कंपनीचं बोधचिन्ह. इथे काळा होता. तो मी निळा केला. थोड्या वेळाने पडदा पुन्हा गेला, आणि या वेळी निळा झाला. दिवा, लेन्स, आतलं चित्र बनवणारं पॅनेल, सगळे निर्दोष सुटले. प्रोजेक्टरपर्यंत चित्रच पोचत नव्हतं. नवीन प्रोजेक्टर आणला असता तर तोही असाच निळा झाला असता.

आता राहिले लॅपटॉप आणि केबल. लॅपटॉप सकाळपासून तीन झाले होते आणि पडदा वेगवेगळ्या लॅपटॉपवर गेला होता. तरी मधल्या सुट्टीत सगळ्यांची प्रेझेंटेशन एकाच लॅपटॉपवर घ्यायला लावली, म्हणजे काढघाल थांबली. जोडणी डुप्लिकेटवरून एक्स्टेंडवर नेली, म्हणजे हॉलचा पडदा लॅपटॉपचा वेगळा दुसरा पडदा झाला. त्यालाही कारण होतं. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन मुख्यतः समोर कोणी जोडलेलं आहे का हे सांगण्यासाठी असते. ती क्षणभर जरी सुटली तरी लॅपटॉपला वाटतं की पडदा काढून टाकला. मग दुसऱ्या पडद्यावरच्या विंडो लॅपटॉपच्या पडद्यावर उड्या मारतात. इथे पडदा निळा झाला तेव्हा एकही विंडो हलली नाही. लॅपटॉपच्या हिशेबी सगळं सुरळीत होतं. म्हणजे प्लग ढिला होऊन सुटत नव्हता. जोडणी शाबूत असताना तिच्यातून धावणारं चित्र तेवढं फुटत होतं.

हे थोडं सांगायला हवं. १९२० गुणिले १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर एचडीएमआयच्या तीन जोड्यांपैकी प्रत्येकीतून सेकंदाला जवळजवळ दीडशे कोटी बिट जातात, आणि चौथी जोडी त्यांना ताल देते. प्रोजेक्टर त्या तालाला धरून बिट वाचतो. ताल एकदा चुकला की तो सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून ताल पकडतो, चित्राचा आकार ओळखतो, कॉपी-संरक्षण चालू असेल तर त्याची देवाणघेवाणही नव्याने होते. खरी गडबड सेकंदाच्या लाखाव्या भागाची असली तरी पडदा दोन सेकंद जातो तो यामुळे. जुन्या व्हीजीएला असं काही होत नसे. १९८७ साली आयबीएमने आणलेली ती जोडणी अ‍ॅनालॉग; मधे विजेचा झटका आला तर चित्रावर एखादा ठिपका किंवा रेघ चमकून जाई आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. वर तिच्या प्लगला दोन बाजूंना स्क्रू होते, कोणाचा पाय अडकला तरी निघत नसे. २००२ च्या एचडीएमआयने चित्र सुधारलं, पण स्क्रू काढले. मला अजून त्याचा राग आहे.

तर झटका कुठून तरी येत होता. केबल हलवून बघितली, टेबलावरची पेटी ठोकली, दार आपटलं, दिवे आणि एसी चालू-बंद केले. काही नाही. लॅपटॉपचं रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० वर आणलं, तर पडदा जाणं कमी झालं, पण थांबलं नाही. हे मात्र कामाचं निघालं. या आकारात बिटांचा वेग निम्मा होतो. वेग कमी केल्यावर त्रास कमी होत असेल तर केबल काठावर चालली आहे, जरा धक्का लागला की पडते.

धक्का कसला, ते मीटिंगचं टिपण घेणाऱ्या मुलाने दाखवलं. तो जरा अतिशिस्तीचा. कोण कधी बोलायला उठलं याच्या वेळा तो लिहीत होताच, आणि सकाळपासून पडदा गेला त्याही वेळा त्याने समासात लिहून ठेवल्या होत्या. दुपारी त्याने वही माझ्यापुढे धरली. "मॅडम, हे बघा. वक्ता बदलला की जातो." सकाळी हे मला नवल वाटलं नसतं, वक्ता बदलला की केबलला हात लागतोच. पण दुपारी तर लॅपटॉप एकच होता आणि केबलला कोणी शिवत नव्हतं. वक्ता नुसता खुर्चीतून उठून पुढे जात होता. सुट्टीच्या आधी सगळे एकदम उठले तेव्हा तर पडदा पाठोपाठ जात राहिला होता. आणि मी एकटी बघत बसले होते त्या दिवशी एकदाही गेला नव्हता, कारण मी बसलेलीच होते.

मीटिंग संपल्यावर हॉल रिकामा झाला. पडद्यावर सेकंदकाटा फिरणारं घड्याळ लावलं आणि त्या मुलाला म्हटलं, "आता या खुर्च्यांवर बसायचं आणि उठायचं. एवढंच." त्याने माझ्याकडे बघितलं ते मी लिहीत नाही. पहिल्या खुर्चीतून उठला, काही नाही. दुसरीतून उठला आणि पडदा निळा. तो परत बसला, उठला, काही नाही; पुढच्या वेळी पुन्हा निळा. प्रत्येक वेळी होत नव्हतं, पण त्या खुर्च्यांवर कोणी बसल्या-उठल्याशिवायही होत नव्हतं. कोपऱ्यातल्या चार पायांच्या साध्या खुर्च्यांवरून कितीही उठबस केली तरी घड्याळ चालतच राहिलं.

टेबलाभोवतीच्या खुर्च्या गॅसच्या नळीवर वर-खाली होणाऱ्या, चाकांच्या. त्यांच्या कृत्रिम धाग्याच्या कापडावर आपले कपडे घासले की स्थिर वीज साठते. एसीच्या कोरड्या हवेत ती लवकर विरतही नाही. माणूस उठतो, दांडा वर येतो, आतले धातूचे भाग सरकतात आणि साठलेली वीज एका ठिणगीत उडते. ती दिसत नाही, बोटालाही कळत नाही. अशी वीज माणसाला जाणवायलाच सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. पण प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरींचा एक छोटा स्फोट असते, आणि जवळून जाणारी लांब केबल तिच्यासाठी अँटेना ठरते. ही माझी कल्पना नाही. पडदे जोडायच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीच्या तांत्रिक सूचनांत, स्क्रीन मधेच जाण्याच्या कारणांमध्ये गॅसच्या खुर्च्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत. मी ते पूर्वी वाचलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं.

खुर्च्या बदला असं सांगितलं असतं तर मला कोणी हॉलमध्ये पुन्हा घेतलं नसतं. आणि दोष एकट्या खुर्चीचा नव्हताच; तशा खुर्च्या सगळीकडे असतात. मी दुसरा छोटा प्रोजेक्टर टेबलावर आणून दोन मीटरच्या चांगल्या केबलने जोडला. मुलगा उठून-बसून घामाघूम झाला, पण चित्र गेलं नाही. मग टेबलाखाली वाकून मूळ केबलचा माग काढला, आणि सगळं तिथेच होतं. केबल पंधरा मीटरची आली होती, अंतर त्याहून थोडं जास्त भरलं, म्हणून बसवणाऱ्याने कपलर घालून तिला एक तुकडा जोडला होता. उरलेलं वेटोळं नेमकं टेबलाखाली, खुर्च्यांच्या चाकांशेजारी सोडलं होतं. कपलर स्वस्तातला, प्लास्टिकचा. केबलीवरचं धातूच्या जाळीचं कवच बाहेरच्या लहरी अडवतं. ते या कपलरपाशी तुटलं होतं. लांब केबल, आधीच अशक्त झालेला सिग्नल, मधे उघडा सांधा आणि शेजारी ठिणग्या. यातली एक जरी गोष्ट नसती तर बाकीच्या बहुधा खपून गेल्या असत्या.

कपलर काढता येत नव्हता, अंतर पुरलं नसतं. तात्पुरतं म्हणून वेटोळं सोडवून खुर्च्यांपासून लांब भिंतीकडे सरकवलं आणि कपलरच्या दोन्ही बाजूंना केबलीवर फेराइटचे ठोकळे अडकवले; ते तारेवरून येणाऱ्या नको त्या लहरी शोषून घेतात. पडदा जाणं बरंच कमी झालं. कायमचा इलाज ऑप्टिकल एचडीएमआयचा. तिच्यात चित्र काचेच्या तंतूंमधून प्रकाशाने जातं, त्यामुळे बाहेरच्या रेडिओ लहरींचा त्याला उपद्रव होत नाही. फक्त ओळख आणि कॉपी-संरक्षणाच्या संथ गप्पांसाठी बहुतेक केबलींमध्ये तांब्याच्या तारा असतात. ती ओढताना दोन गोष्टी सांभाळायच्या. काचेला तीक्ष्ण वळण सोसत नाही, म्हणून कोपऱ्यावरचा पाइप मोठा करून घेतला. आणि ही केबल एकदिशी असते: एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. उलटी ओढली तर चित्र येतच नाही आणि फॉल्स सीलिंग पुन्हा उघडावं लागतं. बसवणाऱ्या दादांना मी दोन्ही टोकांवर रंगीत पट्ट्या लावूनच केबल हातात दिली.

ती बसल्यावर त्याच मुलाला पुन्हा बोलावलं. या वेळी तो न सांगता खुर्चीत बसला, उठला, चाकांवर गरागरा फिरला, शेजारच्या दोघांनाही उठवलं. घड्याळाचा सेकंदकाटा एकदाही थांबला नाही. प्रोजेक्टर बदलायची मागणी परत पाठवली. तक्रार बंद करायच्या फॉर्ममध्ये कारण निवडायला एक यादी येते, त्यात खुर्ची नाही. 'केबल' निवडलं. मग शेजारच्या हॉलमध्ये गेले, कारण तिथेही त्याच खुर्च्या आहेत. टेबलाखाली हात घातला तर तिथेही तसाच प्लास्टिकचा कपलर लागला. तिथली केबल पुरेशी लांब होती, कपलर उगाचच घातलेला होता. तो काढून खिशात टाकला.