खुर्ची

रात्री घटनास्थळाच्या फोटोंची नोंद, म्हणजे लॉग, भरताना लक्षात आलं. १४ नंबरच्या फोटोत खुर्ची टेबलाला चिकटून, ४१ नंबरच्या फोटोत हातभर मागे. खोली तीच, कोपरा तोच, मधे पाऊण तास.

घटनास्थळी क्रम ठरलेला: आधी चारही कोपऱ्यांतून अख्खी खोली, मग वस्तू आजूबाजूसकट, मग जवळून. जवळचा फोटो आधी मापाच्या पट्टीशिवाय, मग पट्टी ठेवून. नाहीतर पट्टीखाली काय लपवलं, असं कोर्टात विचारतात. या कामात मृतदेह सर्वांत अवघड असेल असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर धूळ.

त्या दिवशी फरशीवरच्या धुळीत बुटाचा ठसा होता. वरून फ्लॅश मारला की असा ठसा नाहीसाच होतो. खोलीत अंधार करायचा, ट्रायपॉडवरचा कॅमेरा खाली वळवून बरोबर ठशाच्या डोक्यावर आणायचा (जरा कलला की माप गेलं) आणि उजेड जमिनीलगत, बाजूने टाकायचा. एकाच बाजूने टाकला तर काही रेघा दिसतच नाहीत, म्हणून आळीपाळीने चारही बाजूंनी. टाचेपाशी एक तिरका काप सापडला. एकाच मापाचे, एकाच नक्षीचे बूट हजारोंनी विकले जातात. असा काप मात्र त्याच बुटाला पडलेला असतो. तो फोटो आजही बघितला की बरं वाटतं.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे कुणीतरी खुर्ची सरकवली. वाट हवी म्हणून, नाहीतर नुसतं टेकायला. विचारलं तर कुणालाच आठवेना. घटनास्थळाची सगळ्यात जास्त नासधूस हातमोजे घातलेली माणसंच करतात.

तपास अधिकारी म्हणाले, "त्यातला एक उडवून टाका ना." फाइलींचे नंबर सलग असतात. मधला एक गायब झाला की बाकीच्यांवरही कोण विश्वास ठेवणार? मी माझ्याच बुटाचा चुकून निघालेला फोटोसुद्धा ठेवतो. दोन्ही ठेवले, नोंदीत फरक लिहिला.

उलटतपासणीत ठसा पाच मिनिटांत आटोपला. खुर्ची तासभर चालली.

"यातला खरा फोटो कोणता?"

"दोन्ही."

"खुर्ची हलली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच. चार फुटांवर."

"मग दिसलं कसं नाही?"

"अंधार होता."

"अंधार कुणी केला होता?"

हल्ली दिवे घालवण्याआधी मी सगळ्यांना खोलीबाहेर काढतो. साहेबांनाही. कुरकुर होते.