‘दिसलं ते’ आणि ‘वाटलं ते’

आठवीत विज्ञानाच्या सरांनी आम्हाला प्रयोगवहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली होती. डावीकडे ‘दिसलं ते’, उजवीकडे ‘वाटलं ते’. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर निवळी दुधाळ झाली, हे डावीकडे. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, हे उजवीकडे. दोन्हींची सरमिसळ करणाऱ्याची वही सही न होता परत यायची. १९७९ साली दहावी होऊन मी गाव सोडलं. पुढे एमबीबीएस, एमएस, मग न्यूरोसर्जरीचं एमसीएच झालं आणि उमेदीची सगळी वर्षं मेंदूच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करण्यात गेली. या कामात रोज कामी आलेली शिकवण कोणती, असं कुणी विचारलं तर मी त्या उभ्या रेघेकडे बोट दाखवीन.

डोक्याला मार लागलेल्या माणसाला आणतात तेव्हा सोबतचे सांगतात, ‘बेशुद्ध आहे.’ एकाला जो बेशुद्ध वाटतो तो दुसऱ्याला गुंगीत वाटतो, तिसऱ्याला दारू प्यायलेला. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी यावर उपाय काढला. रुग्ण डोळे कधी उघडतो, काय बोलतो, सांगितल्यावर किंवा चिमटा काढल्यावर हातपाय कसे हलवतो, एवढंच बघायचं आणि गुण मांडायचे. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. शुद्धीतल्या माणसाचे १५, सगळ्यात वाईट ३. एकूण ८ किंवा त्याखाली आले की इजा गंभीर. रात्री दोनला तालुक्याहून फोन येतो, ‘सर, संध्याकाळी १४ होते, आता ११ आहेत.’ तेवढ्या वाक्यावर मी थिएटर तयार ठेवायला सांगतो.

माझ्या आधीच्या पिढीची तर सगळी भिस्त नजरेवरच होती. भारतात या शाखेची सुरुवात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी केली, मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने ती रुजवली. सीटी स्कॅनवर पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला तो १९७१ साली, लंडनमध्ये. त्याआधी मानेतल्या धमनीत सुई घालून औषध सोडायचं, एक्स-रे काढायचे आणि रक्तवाहिन्या कुठे ढकलल्या गेल्यात त्यावरून गाठ कुठे असेल ते ताडायचं. आज आधी एमआरआय उघडून मग रुग्णाकडे वळणारे तरुण डॉक्टर पाहिले की मला खरोखर काळजी वाटते.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची गोष्ट सांगतो. ‘वय झालंय, विसरतात’ असं घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. सून मात्र म्हणाली, ‘पंधरा दिवस झाले, यांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि यांना पत्ताच नसतो. भाकरी थापतानाही डावा हात मागं राहतो.’ खोदून विचारल्यावर कळलं, दीड-दोन महिन्यांपूर्वी गोठ्याच्या चौकटीला डोकं आपटलं होतं. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, मेंदू आणि वरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ माराने एखादी फुटते. रक्त हळूहळू साचत जातं. कवटीला दोन छिद्रं पाडली की जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट रक्त बाहेर येतं. पुष्कळदा हे ऑपरेशन नुसती जागा बधिर करूनही होतं. दुसऱ्या दिवशी आजींनी सुनेला नावाने हाक मारली आणि चहात साखर कमी असल्याचं सांगितलं. खरं निदान त्या सुनेने केलं होतं. घरातलं वडीलधारं माणूस काही आठवड्यांत बदललं, तोल जाऊ लागला, बोलताना अडखळू लागलं, तर वयावर ढकलून मोकळे होऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको. डॉक्टरांना दाखवा, सीटी करायचा का ते विचारा.

तरुणांचं याच्या अगदी उलट असतं. तिथे तासांचा हिशेब असतो. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा उठून बसतो, चहा पितो, आईशी बोलतो. कानशिलाच्या हाडाखाली एक धमनी असते. ती फाटली असेल तर आत रक्त साठत असतं. थोड्या वेळाने तो घोरू लागतो. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून घरचे पांघरूण घालतात. वेळेत आणला तर असा मुलगा पूर्ण बरा होऊन आपल्या पायाने घरी जातो. डोळ्याची बाहुली मोठी होऊन आला तर हातात फार थोडं उरतं. गावातल्या गावात हेल्मेट कशाला, हे वाक्य मी ऐकतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे असे चेहरे येतात.

मराठीच्या बाईंचं ऋण वेगळं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या माण भागातल्या कितीतरी घरांतले बाप मुंबईच्या गिरण्यांत होते. शाळा सुटली की आम्ही मुलं त्यांची पत्रं घरोघरी वाचून दाखवायचो. बाईंचा दंडक होता: पत्रात आहे तेवढंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही, आणि ‘पुन्हा वाच’ म्हटलं की कुरकुर न करता पुन्हा वाचायचं. बातमी वाईट असली की म्हातारी माणसं तीच ओळ तीन-चारदा वाचायला लावत. आयसीयूबाहेर आजही तेच होतं. ‘म्हणजे शुद्धीवर येईल ना?’ आधी मुलगा विचारतो, मग भाऊ, मग गावाहून आलेले मामा. मी खाली बसतो आणि प्रत्येकाला तेच शब्द सांगतो.

ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूच्या कॅन्सरची घातक गाठ असेल तर ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं करूनही बहुतेकांना साधारण सव्वा-दीड वर्षच मिळतं. किती ऐकायची तयारी आहे हे मी आधी विचारतो, मग आकडा लपवत नाही. त्या काळात कुणाला मुलीचं लग्न उरकायचं असतं, कुणाला जमिनीची वाटणी करायची असते. खोट्या धीराने त्यांचे ते दिवस वाया जातात. ‘डॉक्टर, तुमचे वडील असते तर काय केलं असतं?’ हा प्रश्न टाळणं मला कधीच पटलं नाही. कधी कधी उत्तर असतं, ‘ऑपरेशन केलं नसतं, घरी नेलं असतं.’ तेही मी सांगतो.

सगळ्यात जड जातं ते मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, हे सांगणं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, हे सगळं रीतसर होतं. पण आईला मुलाची छाती हलताना दिसत असते. ‘अंग गरम आहे की हो त्याचं,’ ती म्हणते. तिला दिसतंय ते खरंच असतं. श्वास यंत्राचा आहे, हे मला हळूहळू समजवावं लागतं. त्यानंतर मी त्यांना एकटं सोडतो. अवयवदानाचा विषय त्याच दमात काढू देत नाही. अशा वेळी ‘कुणाच्या तरी कामी येऊ दे’ म्हणणारी साधी शेतकरी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे मी मनापासून नमस्कार करतो.

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवात समितीने मला भाषणाची वेळ दिली आहे. तो तास मी नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी मागून घेतला आहे. अपघातात सापडलेल्याची मान न वाकवता त्याला कसं उचलायचं, पाणी का पाजायचं नाही, १०८ ला फोन लावून काय सांगायचं, आकडी आलेल्याला चप्पल न हुंगवता कुशीवर कसं वळवायचं, हे करून दाखवणार आहे. येताना प्रत्येकाने वही आणायची. तो माणूस किती वाजता पडला, शेवटचं काय बोलला, कोणता हात हलत होता, हे कसं टिपायचं तेही शिकवीन. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.