तिकडं काय ठेवलंय?

आमच्या घरात कॅलेंडरं फार. स्वयंपाकघरात एक मराठी, एकादशी बघायला आणि दुधाचे खाडे मांडायला. खरं कामाचं तेवढंच. बाकीची सोप्यात ओळीनं टांगलेली. एक मल्याळम, एक तमिळ, एक बंगाली, एक अमृतसरचं गुरुमुखीतलं. दिवाळीला जो तो गावाकडं येताना आपल्या दुकानाचं कॅलेंडर घेऊन येतो आणि जुनं काढून त्याच खिळ्याला अडकवतो. आजीला लिहितावाचता येत नाही, पण कुठलं कुणाचं ते बरोबर कळतं. "ही जिलबीगत अक्षरं त्रिचूरची. तुज्या बापाची."

आम्ही विट्याजवळचे, म्हणजे गलाईवाले. इकडच्या माणसाला एवढं पुरतं. बाहेरच्यांसाठी सांगतो: सराफाकडचं जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची, शुद्ध करून परत द्यायचं. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा विकत घ्यायचा, कारण त्यात सोन्याचे कण असतात. खानापूर-आटपाडी भागातली माणसं हे काम घेऊन देशभर पांगली. हौस म्हणून कोण गेलं नाही. शेतात कुसळं उगवत होती, म्हणून गेली.

आमचे आजोबा गेले, मग अण्णा, मग दोन्ही चुलते. पण एवढ्या हिंडलेल्या या घरात कुणी काही बघितलेलं नाही! अण्णा सव्वीस वर्षं त्रिचूरला आहेत. तिथं पूरम भरतं, सजवलेले हत्ती समोरासमोर उभे राहतात, ते बघायला कुठून कुठून माणसं येतात. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "गर्दी लई. दुकान बंद ठेवावं लागतं." मिरजेहून गोव्याकडं जाणाऱ्या गाडीतून दूधसागर दिसतो. त्या मार्गानं अण्णा कैक वेळा गेलेत. निम्म्या वेळा झोपलेले होते, आणि जागे होते तेव्हा उन्हाळा होता, धबधब्याला पाणी नव्हतं. कोलकात्याच्या नानांना हावड्याचा पूल विचारला तर ते त्याच्यावर गाडी किती वेळ अडकते ते सांगतात.

मला मात्र बघायचंय. धंदा नको, बदली नको, नुसतं हिंडून यायचंय. पंधरा दिवस, पाठीवर सॅक, संपलं. पण आमच्याकडं जाण्याला कारण लागतं. नोकरीला निघालो असतो तर आईनं शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली असती. कारण नाही म्हटल्यावर आजीचा एकच प्रश्न, "तिकडं काय ठेवलंय?" याला उत्तर नसतं. ठेवलंय काय ते बघायलाच तर जायचंय.

खरी अडचण वेगळीच आहे. टेंभूचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आमच्या माळापर्यंत आणलं. ज्या रानात आजोबांना बाजरी धड पिकली नाही तिथं आज आमची द्राक्षबाग आहे. आणि बाग म्हणजे तान्हं पोर. छाटणी, डिपिंग, औषधं. ढग आले की रात्री उठून फवारणी. एवढं बघायला घरात कुणी तरी पाहिजे. थोरली माणसं दुकानांवर, चुलतभाऊ त्यांच्या हाताखाली. राहिलो मी, आई आणि आजी. दुष्काळानं आजोबांना देशभर हिंडवलं आणि पाण्यानं मला दारात बांधलं. तक्रार कुणाकडं करणार? पाण्याची तक्रार आमच्या तालुक्यात कुणी ऐकूनही घेणार नाही.

रात्री जेवण झालं की मी सोप्यात पडतो. समोर ती ओळ. मल्याळी लोकांचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं, हे मला त्या जिलबीवाल्या कॅलेंडरामुळं कळलं. बंगाली अक्षरं बघितली की मजा वाटते. वर आपल्यासारखीच रेघ, एखादं अक्षर ओळखीचंसुद्धा वाटतं, पण वाचायला जावं तर काही लागत नाही. एखाद्या लग्नात चेहरा ओळखीचा दिसावा आणि नाव आठवू नये, तसं.

परवा धीर करून आजीला म्हटलं, "नानांकडं जाऊन येऊ का? आठ दिवस." ती लसूण सोलत होती. मला वाटलं, आता विचारणार काय ठेवलंय. तिनं पाकळी ताटलीत टाकली आणि म्हणाली, "पाण्याची पाळी कवा हाय?"

मी उठून मराठी कॅलेंडर बघितलं. आईनं कुंकवाच्या बोटानं ठिपका दिला होता. "बावीसला."

"आज किती?"

"नऊ."

आजी बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग हातातली सुरी तशीच वर करून बंगाली कॅलेंडराकडं दाखवली. "ह्याच्यात बावीस कुठं हाय?"

मी जवळ जाऊन बघितलं. आकडेसुद्धा त्यांचेच. दुसऱ्या चौकटीपासून मोजत मोजत आलो, एकदा चुकलो, पुन्हा मोजलं.

"वाचता येत न्हाई व्हय?" आजी हसली. "आन निघालाय बंगालला."

मग तिनं सोललेला लसूण गोळा केला आणि आईला हाक मारली, "अगं, घरात शेंगदाणं हायती का?"