लशीची फाईल घेऊन नागपूर ते न्यू जर्सी

22 मे ते 14 जून 2022 या काळात मी, पत्नी, साडेतेरा वर्षांची मुलगी आणि पावणेसात वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे माझ्या धाकट्या बहिणीकडे, न्यू जर्सीतील एडिसन येथे, जाऊन आलो. हा प्रवास खरे तर मे 2020 मध्ये व्हायचा होता. कोरोनामुळे 23 मार्च 2020 पासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली, तिकिटे रद्द झाली आणि ती उड्डाणे पूर्ववत सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. आमचे व्हिसा 2019 मध्येच काढलेले होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो घरातला, आणि तो माझ्या आईने एका वाक्यात मांडला : "काहून नेता लेकराले तेवढ्या दूर? त्याची सुई तं झालीच नाही अजून."

आईचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. एप्रिल 2021 मध्ये नागपुरात खाटांसाठी आणि ऑक्सिजनसाठी लोकांनी मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या दारात रात्री काढल्या, त्यात आमचे एक काका गेले. त्यानंतर आमच्या घरात "लस झाली का" हा प्रश्न "जेवलास का" याच्या बरोबरीने विचारला जाऊ लागला. मोठ्यांचे कोव्हिशिल्डचे दोन्ही डोस ऑगस्ट 2021 पर्यंत झाले होते. मुलांवरच्या कोव्हॅक्सिनच्या चाचण्या जून 2021 मध्ये नागपुरातही झाल्या, त्यामुळे मुलांची लस येणार हे आम्ही तेव्हापासून ऐकत होतो. पण ती वयाच्या पायऱ्यांनी आली. 15 ते 18 वयोगटाला 3 जानेवारी 2022 पासून कोव्हॅक्सिन मिळाली आणि 12 ते 14 वयोगटाला 16 मार्चपासून कॉर्बेवॅक्स. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कोव्हॅक्सिनला 26 एप्रिल रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली खरी, पण वृत्तपत्रात परवानगी आली म्हणजे केंद्रावर लस आली असे होत नाही, आणि आम्ही निघेपर्यंत ती आली नाही. थोडक्यात, एकाच घरातली दोन मुले नियमांच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत होती.

मुलीचे लसीकरण महापालिकेच्या केंद्रावर झाले. पहिला डोस मार्चच्या चौथ्या आठवड्यात आणि दुसरा 28 दिवसांनी. पहिल्या वेळी आम्ही सकाळी दहाला पोहोचलो, तर परिचारिका म्हणाल्या की एका कुपीत 20 डोस असतात, एकदा उघडली की ती काही तासांत संपवावी लागते, आणि आत्ता फक्त सहा मुले आहेत. बाकीची मुले जमेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. शेवटी तिथल्याच एका आईने शाळेच्या गटावर निरोप टाकला आणि अर्ध्या तासात ऑटोरिक्षांमधून मुले येऊ लागली. तेव्हा आधी फोन करून किती मुले जमली आहेत ते विचारणे, किंवा शेजारपाजारची चार मुले सोबत नेणे सोयीचे होते. मे महिन्याच्या उन्हात दोन फेऱ्या करण्यापेक्षा ते बरे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मी हे लिहिले तेव्हा, म्हणजे जून 2022 अखेर, कॉर्बेवॅक्स जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन वापराच्या यादीत नव्हती. कोव्हॅक्सिनला ती मान्यता 3 नोव्हेंबर 2021 रोजी मिळाली. म्हणून कॉर्बेवॅक्स घेतलेले मूल काही देशांच्या दृष्टीने तेव्हा लस न घेतलेलेच धरले जात होते. अमेरिकेच्या बाबतीत आमचे अडले नाही, कारण नोव्हेंबर 2021 पासून परदेशी प्रौढांना असलेली पूर्ण लसीकरणाची अट 18 वर्षांखालील मुलांना नव्हती. त्याऐवजी मुलांसाठी हमीपत्र भरावे लागे आणि पोहोचल्यावर तीन ते पाच दिवसांत चाचणी करून घेण्याचे आश्वासन द्यावे लागे. ज्या देशात जायचे त्या देशाच्या प्रवासनियमांच्या पानावर मुलांचा उल्लेख वेगळा शोधावा. "पूर्ण लसीकरण आवश्यक" एवढे ठळक अक्षरातले वाक्य वाचून आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तिकिटे काढलीच नाहीत; खालची बारीक ओळ त्यांच्याच मुलांसाठी होती.

आता मुलाकडे येतो, कारण या प्रवासात माझी खरी चूक तिथे उघडी पडली. त्याला कोरोनाची लस नाही, निदान प्रवासाआधी डॉक्टरांना एकदा दाखवू, या विचाराने आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कोरोनाबद्दल काही बोलण्याआधी त्याचे लसीकरणाचे पिवळे कार्ड मागितले. कार्ड उलगडून त्यांनी पेनचे टोक एका ओळीवर ठेवले. पाचव्या वर्षीचा डीपीटीचा बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचा, त्या ओळीसमोरचा चौकोन कोरा होता. मुलगा सप्टेंबर 2020 मध्ये पाच वर्षांचा झाला. नागपुरात पहिली लाट तेव्हा भरात होती, आम्ही दाराची कडीसुद्धा सॅनिटायझरने पुसत होतो आणि दवाखान्यात पाऊल टाकणे हाच मोठा धोका वाटत होता. "नंतर घेऊ" म्हटले, आणि नंतर दीड वर्ष आमच्या तोंडी लस हा शब्द रोज असूनही ती लस आठवली नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, सात वर्षे पूर्ण होण्याआधी आलात हे बरे झाले, त्यानंतर डीपीटी देत नाहीत, वेगळी लस शोधावी लागली असती. त्याच दिवशी बूस्टर झाला. रात्री थोडा ताप आला, दंड दोन दिवस दुखला.

पत्नीने घरी येऊन मुलीचे कार्डही काढले. तिची दहाव्या वर्षीची लस 2018 मध्ये वेळेवर झाली होती, तेव्हा जग सरळ चालले होते. तिचे काही राहिले असते, तर कॉर्बेवॅक्स आणि दुसरी लस यांत 14 दिवसांचे अंतर ठेवा असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. म्हणून मुलांना घेऊन परदेशी निघणाऱ्यांना माझी पहिली सूचना ही : कोरोना लसीकरणाचे कोविन पोर्टल उघडण्याआधी घरातले जुने लसकार्ड उघडा, आणि ते निघण्याच्या आठवड्यात नव्हे तर किमान सहा आठवडे आधी. मार्च 2020 नंतर ज्या मुलांनी दीड वर्ष, पाच वर्षे, दहा वर्षे यांपैकी एखादे वय ओलांडले, त्यांच्या कार्डावर कोरा चौकोन सापडण्याची शक्यता मला बरीच वाटते.

कागदपत्रांत कोविनच्या प्रमाणपत्राला पारपत्र क्रमांक जोडून घेणे आणि पूर्ण जन्मतारीख असलेली आंतरराष्ट्रीय प्रवासाची प्रत काढणे ही कामे तेव्हा घरबसल्या होत असत. पत्नीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव होते आणि पारपत्रावर सासरचे. दुरुस्तीची सोय होती, पण तिथे चुकून दुसरीच चूक करून ठेवली तर पुन्हा संधी मिळेलच असे धरून चालण्यासारखे नव्हते. पारपत्र समोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवावे लागले.

चाचणीचा घोळ मात्र आम्ही स्वतःच्या हाताने घातला. त्या वेळी अमेरिकेला जाणाऱ्या दोन वर्षांवरील प्रत्येकाला निघण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी घेतलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह अहवाल लागत असे. हिशेब तासांचा नव्हता, तारखेचा होता. मुंबईहून आमचे विमान मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता होते. घरात सगळे "शनिवारी रात्रीचे विमान" म्हणत होते, त्यामुळे आम्ही शुक्रवारी, 20 तारखेला संध्याकाळी नमुने दिले. रात्री बहिणीने फोनवर विचारले, तिकिटावर तारीख कोणती? तिकिटावर 22 मे, रविवार होता. म्हणजे 20 तारखेचा नमुना दोन दिवस आधीचा ठरत होता आणि चौघांचे पैसे वाया गेले. शनिवारी सकाळी सातला प्रयोगशाळा उघडताच पुन्हा नमुने दिले आणि दुपारी तीनला अहवाल हाती आले. त्यातल्या एकावर जन्मतारीख नव्हती, ती घालून घेण्यासाठी मला पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पुन्हा जावे लागले. अहवालावर नाव, जन्मतारीख किंवा पारपत्र क्रमांक, चाचणीचा प्रकार, नमुना घेतल्याची तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव हे सगळे तिथेच उभे राहून तपासावे.

नागपूर ते मुंबई हे तिकीट वेगळे काढले असल्याने आम्ही मध्ये सहा तास ठेवले होते. मुंबईत देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनलवर उतरले तर सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलपर्यंत सामानासह रस्त्याने जावे लागते. दोन मुले आणि चार बॅगा घेऊन त्यात पाऊण तास सहज जातो. काउंटरवर आमच्या कागदांना सव्वा तास लागला, कारण प्रत्येकाचे कागद वेगळे होते. आम्ही रंगांप्रमाणे चार पारदर्शक फायली केल्या होत्या आणि प्रत्येकीत पारपत्र, लसीचे प्रमाणपत्र, चाचणीचा अहवाल, हमीपत्र याच क्रमाने कागद होते. मुलाच्या फाईलमध्ये लस प्रमाणपत्राच्या जागी काहीच नव्हते. काउंटरवरच्या तरुणाने ते मागितलेच. त्याच्या वरिष्ठांनी येऊन वयाचा नियम सांगितला तेव्हा काम पुढे सरकले. नियमाचे पान छापून सोबत ठेवा, मोबाईलवर दाखवू म्हणू नका.

एडिसनमधल्या दिवसांबद्दल इथे फार लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीकडे टपालाने आलेल्या सरकारी मोफत किटवर मुलांची चाचणी केली. मास्कचे मात्र गमतीचे झाले. आपल्या विमानात तेव्हा मास्क सक्तीचा, आणि तिकडे 18 एप्रिलला न्यायालयाने विमानातली सक्ती रद्द केलेली. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर पोहे आणि तूरडाळ घेताना संपूर्ण दुकानात मास्क लावलेले फक्त आम्हीच चौघे होतो.

तिकडे पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना नोव्हेंबर 2021 पासून फायझरची लस मिळत होती, मोठ्यांच्या 30 मायक्रोग्रॅमऐवजी 10 मायक्रोग्रॅमची, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. बहिणीचा आग्रह होता की मुलाला इथेच देऊन टाका. आईनेही नागपूरहून व्हिडिओ कॉलवर तिची बाजू घेतली. आम्ही नाही म्हटले. मुक्काम 23 दिवसांचा होता. उतरल्याबरोबर पहिला डोस दिला असता तरी दुसरा परतीच्या तोंडावर आला असता आणि ताप आलेले मूल घेऊन विमानतळावर उभे राहावे लागले असते. एकच डोस देऊन परतलो असतो, तर पाच ते अकरा वयाची ती लस आपल्याकडे नसल्याने दुसरा राहूनच गेला असता. मुक्काम सहा आठवड्यांचा असता तर मी बहुधा हो म्हटले असते.

परतीची चावी मात्र त्याच चिरंजीवांच्या नाकात होती. भारतात येताना त्या वेळी पाच वर्षांखालील मुलांना चाचणी नव्हती. अमेरिकेसारख्या यादीतल्या देशांतून येणाऱ्या लसवंतांना फेब्रुवारी 2022 पासून चाचणीऐवजी लसीचे प्रमाणपत्र चालत होते, आणि त्यावर मुलीसह आम्ही तिघे सुटलो. पाचवरच्या पण लस नसलेल्या मुलाला 72 तासांतला आरटीपीसीआर अहवाल एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर चढवावा लागत होता. तो पॉझिटिव्ह आला असता तर पत्नी त्याच्यासोबत थांबणार आणि मी मुलीला घेऊन येणार, हे आम्ही आधीच ठरवून तारीख बदलता येणारी तिकिटे घेतली होती. प्रवास विम्यात कोरोनामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च आहे का, हेही निघण्याआधी वाचून घ्यावे. अमेरिकेने आपली प्रवासपूर्व चाचणीची अट 12 जूनपासून काढली; त्याच सकाळी आम्ही औषधांच्या दुकानाबाहेर गाडीच्या रांगेत त्याचे नाक पुढे करून उभे होतो, कारण आपल्याकडची अट कायम होती. अहवाल 13 तारखेला संध्याकाळी आला. अशा दुकानांत निकाल कधी मिळेल याची खात्री देत नसत, म्हणून नमुना 72 तासांच्या सुरुवातीलाच दिलेला बरा होता, शेवटच्या दिवसावर ठेवून चालले नसते.

मुंबईत तेव्हा दोन टक्के प्रवाशांची निवड करून चाचणी होत असे, त्यात आमचा नंबर लागला नाही. 14 दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायचे होते, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडत असल्याने मुलांचे ते दिवस घरातच गेले. आईने आल्या आल्या नातवाचा दंड पाहिला आणि विचारले, "दिली का मंग?" मी तिला पिवळे कार्ड दाखवले. एप्रिलमधला शिक्का तिने चष्मा लावून वाचला. त्याच्या खाली डॉक्टरांनी दहाव्या वर्षीच्या लशीसाठी पेन्सिलीने सप्टेंबर 2025 लिहून ठेवले आहे.