आधी वर्णन, मग नाव

इंदूर, डिसेंबर, रविवार सकाळ

सध्या सिरपूर तलावावर ऊन यायला सात वाजतात. सकाळी बदकं पाहायची तर पूर्वेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेला उभं राहिलं तर पाण्यावरचं प्रत्येक बदक काळंच दिसतं आणि नुसत्या आकारावरून नाव ठोकून द्यायचा मोह होतो. नवशिक्याच्या वहीतल्या कितीतरी चुका इथूनच सुरू होतात.

दुर्बीण ८ बाय ४२ची पुरते, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. १०ची घ्यावीशी वाटते खरी, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो आणि दृश्याचा घेरही सहसा कमी मिळतो. शिवाय ४२ला ८ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०ने भागलं की ४.२चा. भर उन्हात हा फरक कळत नाही, पहाटेच्या अंधुक उजेडात कळतो. बहुतेक दुर्बिणींत उजव्या नळीवर एक वेगळं कडं असतं आणि बरेच लोक त्याला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. उजवी नळी हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर दूरची एखादी पाटी स्पष्ट करावी. मग डावी नळी झाकून, चाकाला न हलवता, तीच पाटी उजव्या डोळ्याने कड्यावर स्पष्ट करावी. कडं कोणत्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवावं, कारण पिशवीत ते फिरतं. मग डोकं दुखायला लागलं की दोष थंडीला दिला जातो. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून ठेवावेत. आणि काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, धुळीचा कण ओरखडा काढतो. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी.

एवढी तयारी कशासाठी, असं कोणी विचारलं की छंदवाले मनःशांतीबद्दल बोलतात. असेलही. पण तलावाच्या काठावर सकाळभर चालतं ते काम फारसं शांत नसतं. जे दिसलं तेवढंच लिहायचं, न दिसलेलं लिहायचं नाही, एवढंच ते काम. आणि ते चांगलंच दमवतं. नाव एकदा सुचलं की डोळा उरलेल्या खुणा आपणहून भरून घेतो. म्हणून वहीत आधी वर्णन लिहावं: चोच, पाय, उडताना शेपटीचं बूड, पंखाची खालची बाजू, आवाज. पुस्तक त्यानंतर उघडावं.

तुतवारांकडे, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांकडे, पाहा. हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार चिखलात दुरून जवळपास सारखेच दिसतात. उडाले की दोघांचंही बूड पांढरं, त्यामुळे नुसतं 'बूड पांढरं' लिहून काही सुटत नाही. पंखाची खालची बाजू पाहावी लागते: हिरव्याची जवळजवळ काळी, ठिपकेवाल्याची फिकट. ठिपकेवाल्याची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरव्याची डोळ्यापाशीच संपते. ही संधी दोनेक सेकंदांची असते. हुकली तर 'तुतवार, कोणता ते ठरलं नाही' असं लिहावं. अशा नोंदीची लाज वाटायचं कारण नाही. अंदाजाने लिहिलेलं नाव मात्र पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

बदकांची अडचण वेगळी. विणीनंतर नर रंग टाकतात आणि ऑक्टोबरात येतात तेव्हा मादीसारखेच मळकट दिसतात. थापट्या आणि गार्गनीचे नर तर रंगात यायला बराच उशीर लावतात. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला 'सगळ्या माद्याच आहेत' अशी नोंद दिसली की शंका घ्यावी. अशा वेळी पंखावरचा आरसा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा रंगीत पट्टा, उपयोगी पडतो: गडवालचा पांढरा, चक्रांगाचा हिरवा. थापट्याला त्याची गरज नाही, चोचच फावड्यासारखी. हळदी-कुंकवाने तर ओळख नावातच ठेवली आहे: चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके.

मोजणी. वारकऱ्यांचा, म्हणजे कूट या काळ्या पाणपक्ष्यांचा, मोठा थवा असेल तर आधी दहा मोजून ते किती जागा व्यापतात ते नजरेत बसवावं आणि तेवढे तुकडे थव्यावर लावत जावं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन आकड्यांत फार तफावत आली तर तिसऱ्यांदा. वारकरी बुडी मारतात, पाणगवतात शिरतात, त्यामुळे आकडा सहसा कमीच येतो. मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला आणि सगळा थवा उठून दुसरीकडे बसला, तर अर्धवट आकडा पुढे ओढू नये, पहिल्यापासून मोजावं. तेच पक्षी दोनदा मोजले जाण्याचं हे नेहमीचं कारण. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्याकडे १९८७पासून. तिचा उपयोग तीच जागा, तोच महिना आणि शक्यतो तीच पद्धत राहिली तरच.

त्याच रात्री

वही घरी येऊन उतरवायची तर त्याच दिवशी. उद्यावर टाकली की आकडे गोल व्हायला लागतात. ४३चे ४० होतात, मग ५०.

इथली आणखी एक गंमत नावांची. काठावर बदकांबद्दल विचारलं तर 'सुर्खाब आलेत' असं कळतं, घरात आजी चक्रवाक म्हणते, आणि पक्षी एकच. दोन्ही नावं लिहून ठेवावीत, विचारपूस करताना हिंदी नावच कामाला येतं. मोबाइल आवाजावरून नाव सुचवतो, ते पेन्सिलीने लिहावं. पक्षी दिसला किंवा आवाज स्वतःच्या कानाने पटला की शाईने. विणीच्या काळात तर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवूच नये, तो घरटं सोडून भांडायला येतो.

यशवंतसागरलाही याच नेमाने जावं. सिरपूर आणि यशवंतसागर, दोन्ही तलाव २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, आणि यशवंतसागरची ओळख सारसांमुळे. सारस मोजताना लाल डोक्याचे प्रौढ आणि तांबूस-तपकिरी डोक्याची पिल्लं वेगळी लिहावीत. नुसतं 'सारस ३' लिहिलं तर जोडीला यंदा पिल्लू होतं का, हे कधीच कळणार नाही.

आणि सारस दिसला नाही तर तारीख, वेळ, किती तास थांबलो ते लिहून पुढे शून्य मांडावं. रकाना कोरा सोडला तर पुढच्या वर्षी वही उघडणाऱ्याला सारस नव्हता की कोणी गेलंच नव्हतं, हे सांगता येत नाही.