दाचीगामचा हंगुल : 'खात्रीचे दर्शन' विकत घेऊ नका

श्रीनगरहून हारवनमार्गे दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात हंगुल, म्हणजे काश्मीरचे फाटेदार शिंगांचे दुर्मीळ हरीण, पाहण्यासाठी जाण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. काश्मीरच्या सहलीत 'हंगुल सफारी' नावाची जी अर्ध्या दिवसाची गोष्ट विकली जाते, ती प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. आमच्या पुण्यातील सहल-संयोजकाच्या कार्यक्रमपत्रिकेत ती ठळक अक्षरांत छापलेली होती आणि श्रीनगरच्या टॅक्सीचालकाने "हंगुल गारंटी है, साहब" असे सांगून त्यासाठी साडेपाच हजार रुपये वेगळे घेतले. दल सरोवराच्या काठापासून उद्यानाचे फाटक जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे आणि हारवनपर्यंत साधी बसही जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचा अर्थ कळतो. एवढे पैसे मोजून आम्हाला काय दाखवले, तर ट्राउट माशांचे सरकारी उबवणी केंद्र आणि जखमी किंवा वस्तीत पकडलेल्या अस्वल-बिबट्यांसाठी उद्यानात केलेले पिंजरे. जंगलात जाण्याचा परवाना काढलेलाच नव्हता. उन्हे वर आल्यावर, साडेदहाच्या सुमारास, मोकळ्या डांबरी रस्त्यावर हंगुल दिसत नाही, हे त्या चालकाला निश्चितच ठाऊक होते.

ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ती अपेक्षा घरीच ठेवावी. दाचीगाम पायी पाहायचे जंगल आहे. वनखात्याच्या श्रीनगरमधील वन्यजीव कार्यालयातून आधी परवाना काढावा लागतो. आधारच्या प्रती, दोन छायाचित्रे आणि मुक्कामाच्या हॉटेलचा पत्ता एवढे जवळ ठेवावे, आणि शुक्रवारी दुपारी कार्यालयात जाऊ नये, कारण नमाजाच्या वेळेमुळे ताटकळत बसावे लागते. परवान्यावर पहाटे आत जाण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, नाहीतर फाटकावरचा कर्मचारी ऊन वर येईपर्यंत आत सोडत नाही आणि त्या दिवसातील उपयोगाचा सगळा वेळ फाटकाबाहेर जातो. सोबत खात्याचा वनरक्षक मागून घ्यावा. फाटकावर आपणहून पुढे येणाऱ्या वाटाड्याला घेऊ नये. सुरक्षेच्या कारणावरून परवानगी ऐन वेळी थांबू शकते, हेही गृहीत धरावे. २०२५ च्या जुलैमध्ये सुरक्षा दलांची मोठी चकमक याच डोंगररांगेत, लिडवासच्या बाजूला झाली होती. त्यामुळे वरच्या भागात स्वतःच्या भरवशावर भटकण्याचा विचारही मनात आणू नये.

जाण्याचा काळ ऑक्टोबरचा. सप्टेंबरच्या अखेरीपासून हंगुलचे नर माजावर येतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पहाटे व संध्याकाळी त्यांची साद खोऱ्यात घुमत असते. मार्च-एप्रिलमध्ये नरांची शिंगे गळून पडतात. उन्हाळ्यात कळप उंचावरील कुरणांकडे सरकतात आणि मे-जूनमध्ये माद्या वितात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊच नये. थंडीत बर्फामुळे कळप खालच्या दाचीगाममध्ये उतरतात आणि उघड्या झाडीतून दिसण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. परंतु त्या दिवसांत जनावराजवळ खाण्यास झाडांच्या साली आणि कोवळ्या फांद्यांपलीकडे फारसे काही नसते. माणसाला बुजून बर्फातून मारलेली प्रत्येक धाव त्याला महागात पडते. माझे मत विचाराल, तर छायाचित्रासाठी जानेवारीत तेथे जाऊ नये.

आता ज्या टप्प्याबद्दल कोणीही सांगत नाही, त्याबद्दल लिहितो. दगवान नाल्याच्या काठाने जाणारा खालचा रस्ता सोपा आहे आणि त्यावर काही लिहिण्याची गरज नाही. परंतु हंगुल ऐकायचा असेल, तर रस्ता सोडून उत्तरेकडील उतारावरची गवताळ धार गाठावी लागते आणि तिथपर्यंतची चढण हा निव्वळ घसारा आहे. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांनाही हा घसारा त्रास देईल, कारण सह्याद्रीत पावसाळा सरला की घसारा कोरडा असतो, तर येथे पहाटेच्या दवाने गवत ओलेचिंब असते, त्याखाली सुटे दगड असतात आणि वर अक्रोडाची गळलेली पाने पसरलेली असतात. पाऊल टेकते, क्षणभर स्थिर वाटते आणि मग दगडासकट खाली सरकते. माझ्या बुटांचे तळवे चांगले खोल नक्षीचे होते, तरीही दोनदा हातांवर आलो. ज्यांच्या बुटांचे तळवे झिजले आहेत, त्यांनी ही चढण टाळावी. काठी अवश्य घ्यावी, पण ती जाता-येता दगडांवर आपटत चालू नये, कारण तो आवाज समोरच्या डोंगरापर्यंत जातो. उतरताना तर या टप्प्याचा इतका वीट आला की, वनरक्षकाने थांबून विश्रांती घ्या म्हटले तेव्हा मी उत्तरसुद्धा दिले नाही.

याच टप्प्यावर दुसरा धोका अस्वलाचा आहे. दाचीगाममध्ये हिमालयी काळ्या अस्वलांची संख्या मोठी आहे आणि ऑक्टोबरमध्ये ती हिवाळ्यापूर्वी पोट भरण्यासाठी अक्रोड आणि ओकच्या फळांमागे असतात. वाटेतील एका ओकच्या खोडावर माझ्या खांद्याएवढ्या उंचीपासून वरपर्यंत नख्यांचे समांतर ओरखडे होते. खालचे जुने ओरखडे काळवंडले होते आणि वरचे इतके ताजे होते की त्यांतून पाणी पाझरत होते. वनरक्षकाने तेथे आम्हाला थांबवले, टाळी वाजवली, थोडा वेळ वाट पाहिली आणि मगच पुढे नेले. त्याच्यापुढे कोणीही जाऊ नये, आणि झाडीत आडोसा शोधत एकट्याने मुळीच जाऊ नये.

धारेवर पोहोचलो तेव्हा समोरच्या उतारावर ऊन यायचे होते. पहिली साद आली ती आमच्या मागच्या नाळेतून, घोगरी आणि छातीत जाणवणारी, आणि तिला समोरच्या बाजूने दुसऱ्या नराने उत्तर दिले. दिसला तो दुसरा. दुर्बिणीतून मातकट-तपकिरी अंग, मानेवरचे दाट केस आणि मागच्या बाजूचा फिकट डाग स्पष्ट दिसला. शिंगांच्या प्रत्येक बाजूला पाच फाटे मोजता आले. त्याच्या आसपास माद्या होत्या, पण त्यांच्यासोबत पाडस मात्र एकच होते. खालचा सगळा घसारा, चालकाचे खोटे बोलणे आणि वाया गेलेली पहिली सकाळ यांचा त्या क्षणी पूर्ण विसर पडला, हे मी मान्य करतो. म्हणूनच वाचकांनी पुढील सल्ल्यात माझ्या आनंदाचा भाग वजा करावा : पहाटेची साद ऐकू येण्याची शक्यता चांगली आहे, प्राणी दिसण्याची शक्यता मात्र बरीच कमी आहे आणि केवळ पाहण्यासाठी येणाऱ्याने हा खर्च करू नये.

ते एकच पाडस मला प्रवासातील इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीरमध्ये तीन ते पाच हजार हंगुल असावेत, असे मानले जाते. १९४७ च्या सुमारास ही संख्या दोन हजारांवर आणि १९७० मध्ये दीडशेच्या आसपास आली. २००४ च्या गणनेत १९७ हंगुल आढळले, २००८ मध्ये केवळ १२७ उरले आणि २०२३ मध्ये ही संख्या २८९ पर्यंत चढली. सुधारणा झाली आहे, परंतु अजूनही माद्यांच्या तुलनेत पाडसे फार कमी जगतात, आणि जवळजवळ सगळी उरलीसुरली जमात एकाच उद्यानात व त्याच्या लगतच्या पट्ट्यात कोंडलेली आहे. पूर्वी हिमाचलमधील चंब्याच्या काही भागापर्यंत हंगुल होता. आज एखादी साथ किंवा एखादा वाईट हिवाळा दाचीगामवर आला, तर दुसरीकडे राखीव असे काही नाही.

कारणे कोणापासून लपलेली नाहीत. दाचीगामचे संरक्षण १९१० पासून होते आहे, तेही मूळ हेतूने श्रीनगरच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आणि त्यासाठी आतील गावे उठवण्यात आली. १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. क्षेत्र सुमारे १४१ चौरस किलोमीटर. पण कागदावरचे हे उद्यान उन्हाळ्यात हंगुलला पूर्ण मिळत नाही. वरच्या दाचीगाममधील कुरणांवर त्या काळात शेळ्यामेंढ्यांचे मोठे कळप येतात, त्यांच्यासोबत राखणीचे कुत्रे असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माद्यांना वर शांतता हवी असते. चारा संपतो, माद्या खालीच राहतात किंवा अडचणीच्या जागी वितात आणि पाडसे बिबट्या व कुत्र्यांच्या तोंडी पडतात. सरकारचे स्वतःचे मेंढीपैदास केंद्र अनेक दशके उद्यानाच्या आतच चालवले गेले, याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होऊ शकत नाही. दक्षिणेला ख्रू-खनमोहच्या बाजूला सिमेंट कारखाने आणि चुनखडीच्या खाणी आहेत, ज्यांच्यामुळे त्रालकडे जाण्याच्या हंगुलच्या जुन्या वाटा अडतात. त्रालजवळील शिकारगाह येथे पैदास केंद्राची योजना आखली गेली, पण जंगलात सोडण्याजोगे हंगुल तेथून अद्याप मिळालेले नाहीत. माझ्या मते पिंजऱ्यातील पैदाशीपेक्षा वरची कुरणे मे ते जुलै मोकळी ठेवणे अधिक तातडीचे आहे. मात्र त्यासाठी बकरवाल या भटक्या मेंढपाळ समाजातील कुटुंबांना दुसरी कुरणे आणि चाऱ्याची हमी देणे भाग आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तेथे येणाऱ्यांना नुसते हुसकावून लावले, तर तीच माणसे उद्या वनखात्याला पाडसांची माहिती देणार नाहीत.

पुढे जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. माजाच्या दिवसांत भ्रमणध्वनीवर रेकॉर्ड केलेली साद वाजवून नराला बोलावण्याचा प्रकार काही हौशी छायाचित्रकार करतात. वनरक्षक नको म्हणत असतानाही एका गटाने तो केला, तेव्हा समोरचा नर माद्यांना सोडून झाडीत शिरला आणि त्या सकाळी पुन्हा बाहेर आला नाही. असे कोणी करताना दिसले, तर फाटकावर लेखी तक्रार द्यावी. दोनशे मिलीमीटरपेक्षा लहान लेन्स नेऊ नये, कारण त्या लेन्सने चांगले चित्र मिळवण्यासाठी जवळ जाण्याचा मोह होतो. दुर्बीण मात्र प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावी. पहाटेसाठी विंडचीटर, कानटोपी आणि हातमोजे लागतात. साडेनऊनंतर तेच सगळे पाठीवर वागवावे लागते, म्हणून सॅक मोठी घ्यावी. आत खाण्यास काही मिळत नाही, तेव्हा हारवनच्या बेकरीतून पहाटे गिर्दा रोटी घेऊन ठेवावी. टॅक्सी ठरवताना श्रीनगरमधील युनियनच्या दरपत्रकाची प्रत मागावी आणि फक्त हारवनपर्यंत जाणे, थांबणे व परत येणे एवढ्याचाच दर ठरवावा. चालक हंगुलचा उल्लेख करू लागला, तर दुसरी टॅक्सी पाहावी. वाचलेल्या पैशांतून सोबत आलेल्या वनरक्षकाला काही द्यायचे असल्यास रोख रकमेऐवजी चांगली दुर्बीण किंवा जाड मोजे द्यावेत. आमच्यासोबतचा वनरक्षक त्या ओल्या घसाऱ्यावर रबरी गमबूट घालून चालत होता आणि त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती.